ऑल्टरभोवतीची कोरडी भिंत

उशीचा फोटो मोबाइलवर आला तेव्हा सुचेता खांबेटे चहाचं आधण ठेवत होत्या. फुलाफुलांचा पांढरा अभ्रा आणि त्याच्या कोपऱ्यावर हिरवट काळी बुरशी. खाली क्रिस्टलच्या दोन ओळी होत्या. 'मॅडम, रविवारी धुतलेला अभ्रा आहे. आज येता का?'

सुचेताबाईंनी गॅस बंद केला.

मीरा रोडमध्ये इमारती गळतात, आणि त्या का गळतात हे शोधून देणं हा या बाईंचा धंदा. सिव्हिल इंजिनियर, वय पंचावन्न, जिभेला धार. गळतीवरून भांडणारे शेजारी त्यांनी इतके पाहिले होते की माणसाच्या रडण्यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. पण क्रिस्टल रडणारी नव्हती. सिल्व्हर पार्कात बाईंच्या बिल्डिंगखाली औषधांचं दुकान होतं, तिथे ती काउंटरवर उभी असायची. नवरा डॅनियल तीन वर्षांमागे समुद्रात गेला तो परत आला नाही. राहायला उत्तनला, सासरच्या जुन्या घरात. डिसेंबरपासून तिचा खोकला थांबत नव्हता. काल डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, ती खोली सोड, नाहीतर फुप्फुसं सोड.

खोली सोडून ती जाणार कुठे? दुकानाच्या मागे एका पीजीत कॉट मिळत होती. पण तिथे मुलं चालत नाहीत, आणि क्रिस्टलची रोशेल सहा वर्षांची होती.

"म्हणजे ओलीचं कारण नाही सापडलं तर तू एकटी जाणार," सुचेताबाई फोनवर म्हणाल्या.

"रविवारी जायचंय मॅडम. सासूमाय म्हणते, पोरगी ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

"येते मी."

*

घर साठेक वर्षांचं, कौलारू, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात बोंबील वाळत टाकलेले, मागच्या पडवीत झाकण घातलेलं निळं पिंप, त्याच्यावर दगड. ओळीनं तीन खोल्या होत्या. पहिली थोरल्या दिराची, लिओनार्डची. मधली सासूची, डेझी आन्टीची. शेवटची क्रिस्टलची.

डेझी आन्टी दारातच उभी होती. बुटकी, गोल, गळ्यात रोझरीची माळ. तिनं सुचेताबाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"आलीस बाय? बरा केलास. माझ्या सुनेचा जीव चाललाय. मी रोज तिच्या छातीला तेल चोलते, पन गुण न्हाय."

क्रिस्टलच्या खोलीला दमट कापडासारखा वास येत होता. पश्चिमेची भिंत जमिनीपासून कौलापर्यंत काळपट ओली. रंगाचे पापुद्रे सुटलेले, त्यांच्याखालून पांढरं भुरभुरीत पीठ निघत होतं. भिंतीला लोणा लागला होता. खाटेच्या खिळ्यांची डोकी गंजून लाल झाली होती.

आणि या सगळ्याच्या मध्ये, भिंतीतल्या कोनाड्यात, मदर मेरीचं ऑल्टर, मूर्तीचा छोटा देव्हारा. कोनाड्याच्या चारी बाजूंनी हातभर भिंत खणखणीत कोरडी.

"बघा," डेझी आन्टी कुजबुजली. "मदरनं पानी अडवलाय. गावातून लोक मेणबत्ती लावायला येतात."

खरंच खाली मेणबत्त्यांच्या बुडख्यांची रांग होती. सुनेचं फुप्फुस कुजत होतं आणि गाव तिच्या उशाशी चमत्कार बघायला येत होतं. सुचेताबाईंना मनापासून चीड आली. त्यांनी चष्मा चढवला आणि चमत्काराला नाक लावलं. कोरड्या भागात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं होतं. ओल्या भागात एकही भेग नव्हती. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

तेवढ्यात लिओनार्ड आत आला. उंच, बनियनवर, हातात हेल्मेट. ते त्यानं सरळ ऑल्टरच्या फळीवर, मदरच्या पायाशी ठेवलं. डेझी आन्टीनं तोंड वाकडं केलं आणि हेल्मेट उचलून खाली ठेवलं.

"इंजिनियर आणलीस?" तो क्रिस्टलला म्हणाला. "उगाच कशाला खर्च? समुद्राशेजारचं घर ओलंच असणार. मी तर म्हणतो, तू तिकडे जा, मी इथे होमस्टे काढतो. शनिवार-रविवार पोरं येतात बोरिवलीहून, दारू पितात, त्यांना ओल कळत नाही."

असा उघडा डाव क्वचितच बघायला मिळतो. सुचेताबाईंनी वही काढली नाही, फक्त विचारलं, "या भिंतीचं प्लास्टर कधी केलं?"

"ऑक्टोबरात. तिन्ही खोल्यांचं. जुनं सगळं फुगलं होतं."

"रेती कुठची?"

"एकाच ट्रकची. मिस्त्री पेणकरपाड्याचा, गुणवंत. विचारा त्याला."

"चौपाटीची रेती मिसळली का, स्वस्तात?"

लिओनार्डचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. "मिसळली असती तर माझी खोली पण ओली असती. बघा की जाऊन."

त्या बघून आल्या. लिओनार्डची भिंत कोरडी. डेझी आन्टीच्या खोलीतही तशाच कोनाड्यात एक ऑल्टर होतं, येशूच्या सेक्रेड हार्टचं. त्या भिंतीवर ना ओल, ना लोणा, आणि कोनाड्याच्या अगदी कडेपर्यंत प्लास्टर गुळगुळीत. भेग शोधून सापडली नाही. त्यांनी त्याचाही फोटो काढला.

कौलं पाहिली. शाबूत होती. नळाची लाइन त्या बाजूला नव्हतीच. शेजाऱ्याची टाकी लांब. जमिनीतून ओल चढत असती तर खाली जास्त आणि वर कमी असती, ही सगळीकडे सारखी. आणि दुपारी दोनच्या सुमारास, खारं वारं पडून ऊन कडक झाल्यावर, भिंत आपोआप सुकत आली. सुचेताबाईंच्या हातातल्या ओल मोजायच्या मीटरचा काटा हळूहळू उतरला.

"रोज असंच होतं," क्रिस्टल खोकत म्हणाली. "सकाळी भिंतीला घाम, दुपारी बरी, रात्री परत."

गळती दुपारची सुट्टी घेत नसते.

*

दारात कोवळा आवाज आला. रोशेल शाळेतून आली होती. दोन वेण्या, डॅनियलचेच डोळे. क्रिस्टलनं हात पसरले. पोरगी आईजवळ गेली, पण गाल फुगवून. आईनं पापा घेतला, पोरगी तशीच गाल फुगवून उभी, मग सुटली आणि आजीच्या पदरात जाऊन फुस्स करून श्वास सोडला.

"ग्रॅनी, मी जिंकले."

"हे काय?" सुचेताबाईंनी विचारलं.

"खेळ हाय लेकराचा," डेझी आन्टी हसली. "मम्मी जवळ आली की श्वास धरायचा. खोकला लागू नये म्हनून. लहान जीव, जपायला नको?"

क्रिस्टल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"ही झोपते कुठे?"

"माझ्याकडं. ओलीत कशी निजवू?" आजीनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "डिसेंबरपासून माझ्याच कुशीत."

सुचेताबाईंनी छिन्नी-हातोडी काढली. क्रिस्टलच्या भिंतीचा वीतभर तुकडा फोडला, लिओनार्डच्या भिंतीचाही एक फोडला, आणि दोन्ही ढिगले उन्हात बघायला अंगणात नेऊन ठेवले. शेजारच्या बबनची शेळी दोरी ताणून आली. तिनं लिओनार्डचा ढिगला हुंगला आणि सोडला. क्रिस्टलच्या ढिगल्याला मात्र जीभ लावली ती लावलीच. चाटते आहे, चाटते आहे, खडबडीत प्लास्टर चावून खाते आहे. बबननं ओढली तरी हलेना.

सुचेताबाईंनी शेळीच्या तोंडातला एक खडा हिसकला आणि स्वतःच्या जिभेवर ठेवला. मग थुंकून टाकला.

मीठ. तेही चिमूटभर नव्हे. भिंतीत मीठ मुरलेलं असलं की ती हवेतली ओल खेचते. उत्तनच्या सकाळच्या हवेत ओल काय कमी? पाऊस नको, नळ नको, भिंत स्वतःच घाम गाळत बसते. ऊन तापलं की सुकते, संध्याकाळी पुन्हा भिजते. अशी भिंत माणसाला मारायला पुरेशी असते, जरा वेळ घेते इतकंच.

उरलेला तुकडा त्यांनी उन्हात फिरवून पाहिला. रंगाच्या खाली, सिमेंटला चिकटलेलं काहीतरी चमकलं. नखानं काढलं. माशाचा खवला. शेजारी दुसरा, आणखी एक.

पडवीतल्या निळ्या पिंपाकडे त्यांची नजर गेली. दगड उचलून झाकण सारलं. आत खारवलेली घोळ मासळी, वर तपकिरी खारं पाणी, त्यावर खवले तरंगत होते.

"हे पिंप कुणाचं?"

"घरचं," लिओनार्ड दारातून म्हणाला. "माय खारवते. का?"

"या पिंपाला हात कोण लावतं?"

"सगळेच. खारं काय मायच एकटी खाते?"

*

गुणवंत मिस्त्रीला त्यांनी पेणकरपाड्यातच गाठला. तो एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर परांचीवर बसला होता. खाली उतरला तोच घाबरून.

"मॅडम, रेतीत आपला काही हात नाही. धुतलेली रेती होती. पुलाखालच्या डेपोची."

"रेती सोडा. पाणी कुणी मारलं?"

नवीन प्लास्टरला आठवडाभर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. हे मीरा रोडमधल्या कुठल्याही घरवाल्याला माहीत असतं, आणि हे काम मिस्त्री घरच्यांवर टाकून मोकळा होतो, हेही.

"घरच्यांनी. मी दिवसाला एक चक्कर मारायचो. सुनबाई कामाला, मोठा बाहेर. पाणी मारायचं काम म्हातारीचं. काय इमानदारीनं मारायची, सांगतो तुम्हाला. मगाने, भिंतभर. मी म्हटलं पण, आन्टी, असं घरोघरी कुणी पाणी मारलं तर आमचं नाव होईल."

"तीनही खोल्यांत तिनंच?"

"तिनंच. कुणाला हात लावू द्यायची नाही."

"लिओनार्डनं कधी मारलं?"

गुणवंत हसला. "तो? तो आपल्या चहाचा कप उचलत नाही, मॅडम."

*

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सुचेताबाई पुन्हा उत्तनला गेल्या. सोबत गुणवंत होता, घण घेऊन. क्रिस्टलची बॅग दारात भरून ठेवलेली. एकच बॅग, एकटीची. डेझी आन्टीनं तिला वाटेत खायला सांदण बांधून दिलं होतं. अंगणात रोशेल शेळीला पाला चारत होती.

"बॅग आत ठेव," सुचेताबाई म्हणाल्या. "आणि सगळे या खोलीत या."

लिओनार्ड भिंतीला पाठ टेकणार होता, ओल आठवून बाजूला झाला. डेझी आन्टी ऑल्टरखाली स्टुलावर बसली, रोझरी हातात.

"या भिंतीत मीठ आहे. वरून लावलेलं नाही, आतपर्यंत मुरलेलं. प्लास्टर ओलं असताना त्याच्यावर खाऱ्याच्या पिंपातलं पाणी मारलं गेलं. एकदा नाही, आठवडाभर. त्या पाण्यातले खवले अजून रंगाखाली चिकटलेत. दुकानातून गोणभर मीठ आणलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. हे पाणी घरातलंच, फेकून द्यायचं. कुणाला संशय येणार?"

"मग?" लिओनार्डचा आवाज चढला. "माझ्यावर घालताय? मला होमस्टे पाहिजे म्हणून?"

"मला आधी तूच वाटलास. तुझं तोंडच तसं आहे."

गुणवंत खाकरला.

"पण मग मी हा चमत्कार नीट बघितला." त्यांनी ऑल्टरकडे बोट केलं. "भोवतीची भिंत कोरडी का? कारण तिथे खारं पाणी पडलंच नाही. आणि तिथे भेगा का? कारण तिथे कुठलंच पाणी पडलं नाही, म्हणून प्लास्टर तडकलं. सगळी भिंत भिजवणाऱ्या माणसानं हातभर जागा जपून सोडली."

"मूर्ती होती तिथं," लिओनार्ड म्हणाला. "कुणीही सोडली असती."

"असं? मग मधल्या खोलीत चल. तिथेही ऑल्टर आहे. तिथे कोनाड्याच्या कडेपर्यंत पाणी मारलंय, एक भेग नाही. हात तोच, आठवडा तोच, तरी एका ऑल्टरला पाणी चाललं आणि दुसऱ्याला चाललं नाही." सुचेताबाई थांबल्या. "कारण पाणी वेगळं होतं. तिथलं नळाचं. इथलं मासळीचं, घाण. ते मदर मेरीच्या अंगावर उडवायला जिचा हात धजला नाही, तिनंच हे केलं. तू तर हेल्मेट ठेवतोस तिच्या पायाशी. तू अख्खी मूर्ती न्हाऊ घातली असतीस."

रोझरीचे मणी थांबले होते.

"आन्टी," सुचेताबाई म्हणाल्या, "पाणी तुम्हीच मारत होता. कुणाला हात लावू देत नव्हता."

क्रिस्टल सासूकडे बघत राहिली. तिच्या छातीला रोज तेल चोळणारे ते हात मांडीवर शांत पडले होते.

"माय?"

डेझी आन्टीनं मान वर केली. रडली नाही. उलट तिचा चेहरा हलका झाला, जड टोपली उतरवून ठेवल्यासारखा.

"मदरच्या अंगावर म्हावऱ्याचा पानी कसा उडवू?" ती म्हणाली. "पाप लागला असता."

"आणि माझ्या अंगावर?" क्रिस्टलचा आवाज खोकल्यात बुडाला.

"तू ऑगस्टात काय बोललीस? जूनला पोरीला मीरा रोडच्या शाळेत घालते. खोली घेते. मला सांगितलास तू, ईचारला न्हाय." म्हातारी सावकाश बोलत होती, भाव सांगावा तशी. "माझा डॅनियल दर्यानं घेतला. त्याची पोर तू घेनार. मंग मला काय ऱ्हाईल? म्हनून तिला तुझ्या कुशीतून काढली. ओल धरली की पोर माझ्याकडं निजनार, हे मला ठावं व्हतं. तुझा खोकला झाला तो वरचा."

"वरचा?" सुचेताबाईंचा हात उचलला गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. "बाई, ही मेली असती."

"मग मीच पुरली असती तिला, चांगली. डॅनियलच्या फोटोशेजारी तिचाबी फोटो लावला असता."

लिओनार्ड मटकन खाटेवर बसला. इतकी वर्षं घरातला दुष्ट आपणच आहोत, अशा भरवशावर तो जगला होता. "माय, तू..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"पोलिसांत जायचंय का?" सुचेताबाईंनी क्रिस्टलला विचारलं.

क्रिस्टलनं मान हलवली. नाही. तिनं डोळे पुसले आणि सासूकडे पाठ करून उभी राहिली.

"पीजी नको मला. मॅडम, तुमच्या ओळखीत खोली मिळेल? मुलगी चालेल अशी?"

"माझा हॉल आहे. खोली मिळेपर्यंत राहा. आज, आत्ता."

"भिंत फोडू का मॅडम?" गुणवंतनं घण उचलत विचारलं.

"फोड. विटेपर्यंत फोड. लोणा धरलेलं एक ढेकूळ ठेवू नकोस." त्या डेझी आन्टीकडे वळल्या. "महिन्या-दोन महिन्यांत सुकेल ही. मग लावा मेणबत्त्या."

म्हातारी हसली. हे हसू सुचेताबाईंना त्या क्षणी कळलं नाही, पाच मिनिटांनी कळलं.

"फोडा बाय. भिंत फोडा. भिंतीचा काम झालाय."

क्रिस्टल अंगणात गेली. मागे घणाचे घाव सुरू झाले. तिनं रोशेलला हाक मारली, कपडे घ्यायचे आहेत, आपण दोघी मीरा रोडला चाललोय. पोरगी दोन पावलं मागे सरली.

"ग्रॅनी पण येणार?"

"नाही. आपण दोघीच."

"मग मी नाही. तुला ओला वास येतो मम्मी. ग्रॅनी म्हणते, तुझ्याजवळ झोपलं की पप्पांसारखं पाण्यात बुडायला होतं."

क्रिस्टल जागच्या जागी थिजली. सुचेताबाईंना वाटलं, आता ही खाली बसणार. पण ती बसली नाही. तिनं पोरीला उचललं. पोरगी हातपाय झाडत, 'ग्रॅनी, ग्रॅनी' करत होती, आणि डेझी आन्टी दारात उभी राहून नुसती बघत होती. हाक मारत नव्हती, हात पुढे करत नव्हती. तिला तशी गरज नव्हती.

लिओनार्डनं बॅग रिक्षात ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "सांभाळून जा."

रिक्षा निघाली तशी रोशेल अचानक गप्प झाली. क्रिस्टलला वाटलं, शांत झाली. तिनं पोरीचं डोकं छातीशी धरलं, पाठ थोपटली, केसांत तोंड खुपसून म्हणाली, "झालं हं बाळा, झालं."

शेजारी बसलेल्या सुचेताबाईंना पोरीचा चेहरा दिसत होता. डोळे घट्ट मिटलेले, गाल फुगवलेले, ओठ आवळलेले. रिक्षा चौकाच्या वळणावर आली तरी तिनं श्वास घेतला नव्हता.